सही करण्याआधी: नाशिकमध्ये वायरमन म्हणून उभं राहू पाहणाऱ्यांसाठी

आयटीआयचं सर्टिफिकेट हातात पडलं त्याच महिन्यात मी इंदिरानगरात तीन खोल्यांचं फिटिंग अंगावर घेतलं होतं. काम दिसायला नेटकं झालं. मालक नव्या मीटरचा अर्ज घेऊन वीज कंपनीच्या ऑफिसात गेले आणि हात हलवत परत आले. ‘टेस्ट रिपोर्ट मागतात. लायसन्सवाल्याचा सही-शिक्का असलेला. तुमच्याकडे असेल ना?’ माझ्याकडे नव्हता. लायसन्स वेगळं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. मग ओळखीनं मी सही विकत आणली. ज्यांनी सही केली त्यांनी ते घर पाहिलं नव्हतं, आणि पाहायचा विषयही निघाला नाही. पैसे दिले, कागद मिळाला, मीटर बसलं.

हे सगळं उलट्या क्रमानं झालं होतं. आधी काम, मग कागदाची शोधाशोध, आणि तपासणी कुठंच नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दर दोन पोरांतलं एक आजही याच क्रमानं चाललेलं असतं. म्हणून सुलटा क्रम लिहून काढतो आहे. माझं आयुष्य विजेच्या कामात गेलं, त्यामुळे मुख्य बोलणं त्याचंच आहे. प्लंबर, वेल्डर यांच्यासाठी शेवटाकडे थोडं आहे.

तीन कागद वेगळे आहेत

सर्टिफिकेट, परमिट आणि लायसन्स हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो आणि तिथंच घोळ होतो. सर्टिफिकेट सांगतं की तुम्ही शिकला आहात आणि परीक्षा पास झाला आहात. परमिट म्हणजे दुसऱ्याच्या जागेतल्या वायरिंगला हात लावायची शासनाची परवानगी. लायसन्स असतं ठेकेदाराचं, म्हणजे काम स्वतःच्या नावावर घेऊन त्याची जबाबदारी पत्करणाऱ्याचं. मध्ये आणखी एक पायरी आहे, सुपरवायझरची. त्याला सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, कारण काम त्याच्या थेट देखरेखीखाली व्हायचं असतं.

हा नियम कुणी काल काढलेला नाही. जुने लोक अजूनही ‘नियम पंचेचाळीस’ म्हणतात तो १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत तो आला आणि आता २०२३ च्या विनियमांत आहे. मजकूर फारसा बदललेला नाही. ग्राहकाच्या जागेतलं नवं काम, वाढीव काम, फेरफार आणि दुरुस्ती परवानाधारक ठेकेदारानं, प्रमाणपत्रधारक सुपरवायझरच्या देखरेखीखाली, परमिट असलेल्या माणसाकडून करायची. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलणं यांना सूट आहे, पण त्यानं मूळ वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. पंखा बदललात तर चालतं. त्याच पॉइंटवरून गीझर ओढलात तर तुम्ही नियमाच्या बाहेर गेलात.

दुकानाच्या पाटीवर ‘गव्हर्मेंट सर्टिफाइड’ लिहिलेलं दिसलं तर या तिघांपैकी कोणता कागद, ते विचारा. उत्तर लांबायला लागलं की समजून जा.

पहिली पायरी: ट्रेड आणि प्रवेश

इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे आयटीआयचे दोन वेगळे ट्रेड आहेत आणि दोन्ही दोन वर्षांचे. इलेक्ट्रिशियनला दहावी लागते, वायरमनला आठवी पास चालते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जायचं असेल तर इलेक्ट्रिशियन घ्या. एबीबी, सीमेन्ससारख्यांमुळे नाशिक हे पॅनेल आणि स्विचगिअरचं गाव आहे. त्या कंपन्या आणि त्यांना माल पुरवणारी छोटी युनिटं मोटर, स्टार्टर, कंट्रोल वायरिंग येणारा माणूस शोधतात. बिल्डिंगच्या कामातच राहायचं पक्कं असेल तर वायरमनही पुरतो, पण दहावी झालेली असेल तर वायरमन निवडण्याचं मला तरी कारण दिसत नाही.

शासकीय आयटीआय त्र्यंबक रोडला सातपुरात आहे. प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीनं होतात आणि गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. खासगी आयटीआयत जाणार असाल तर संस्थेची नाही, तुम्हाला हव्या त्या ट्रेडची राष्ट्रीय संलग्नता तपासा. संस्थेला मान्यता असते आणि नेमक्या तुमच्या तुकडीला नसते, असं घडू शकतं.

आता एक गोष्ट, जी शिक्षक सांगतात आणि पोरं ऐकत नाहीत. प्रवेशाच्या दिवशी नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी आणि आधारशी अक्षरनअक्षर जुळवून घ्या. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. कुठं वडिलांच्या नावापुढे ‘राव’ लागलेलं, कुठं गाळलेलं. सर्टिफिकेट आल्यावर ही चूक दुरुस्त करायला जेवढे हेलपाटे पडतात तेवढ्यात एक फ्लॅट वायर करून होतो. आणि ती चूक पुढे अप्रेंटिसच्या करारात, परमिटच्या अर्जात, पासपोर्टात मागं मागं येत राहते.

हजेरी सांभाळा. ८० टक्क्यांखाली गेली तर परीक्षेला बसायची अडचण होते, आणि दुसऱ्या वर्षी साइटवर रोजाचे पैसे मिळायला लागले की पोरं नेमकी इथंच घसरतात.

दुसरी पायरी: अप्रेंटिस

इथं थोडं थांबतो, कारण याच वर्षात माणूस घडतो किंवा बिघडतो.

अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे नाशिकसारख्या औद्योगिक गावात जागा निघतात. नोंदणी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन ठरवून दिलं, आयटीआय पास मुलासाठी ते महिना ७,००० रुपये धरलं गेलं. त्यातला काही वाटा, म्हणजे २५ टक्के आणि जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्राच्या प्रोत्साहन योजनेतून येतो.

पैशापेक्षा महत्त्वाचं काय ते ऐका. तुमचा करार पोर्टलवर नोंदलेला आहे का आणि त्याचा क्रमांक तुमच्याकडे आहे का? कंपनीच्या गेटवर ‘अप्रेंटिस’ म्हणून पास मिळाला, वर्षभर राबलात, आणि करारच नोंदलेला नव्हता, तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळत नाही. वर्ष गेलं ते गेलं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं असंच झालं. तो अकरा महिने स्टोअरमध्ये वायरची बंडलं मोजत होता. ट्रेडचं काम त्याला शिकवलंच गेलं नाही, आणि कागदही मिळाला नाही.

रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात करार क्रमांक मागा. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. रोज काय केलं त्याची नोंदवही ठेवा, आणि तिच्यावर दर आठवड्याला सुपरवायझरची सही घ्या. ‘आज मोटरचं स्टार-डेल्टा कनेक्शन केलं, ओव्हरलोड सेट केला’ एवढं पुरे. पुढे अनुभवाचा दाखला मागायला जाल तेव्हा सुपरवायझर बदललेला असतो, आणि ही वहीच साक्षीला राहते.

तिसरी पायरी: परमिट

परमिट राज्य शासनाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडून मिळतं. परीक्षा, परमिट, सुपरवायझरचं प्रमाणपत्र आणि ठेकेदाराचं लायसन्स हे सगळं तिथलं अनुज्ञापक मंडळ बघतं. नाशिकला विद्युत निरीक्षकांचं कार्यालय आहे. अर्ज भरण्याआधी तिथं एकदा स्वतः जाऊन या. एजंटाला पाठवू नका. ज्या खात्याकडे पुढची तीस वर्षं तुमचं काम पडणार आहे, त्याचा जिना माहीत असावा.

कागद तयार ठेवा: ट्रेडचं सर्टिफिकेट, अप्रेंटिसचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, वयाचा पुरावा, फोटो. अडकतं ते अनुभवाच्या दाखल्यावर. ‘सदर इसम आमच्याकडे कामास होता, वर्तणूक चांगली’ असला दाखला कुणी मानत नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती व्होल्टेजच्या कोणत्या कामावर, कोणाच्या देखरेखीखाली, आणि देणाऱ्याचा लायसन्स क्रमांक, हे सगळं त्यात हवं. साइट सोडतानाच दाखला मागून घ्या. भांडण करून साइट सोडणाऱ्याला दाखला मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

पदविका किंवा पदवी केलेल्यांची वाट सुपरवायझरकडे थेट जाते. आयटीआयवाल्यानं परमिटवर काही वर्षं काढून मग पुढची परीक्षा द्यावी. लायसन्सची घाई करू नका. लायसन्स घेतलं की तुमच्या नावावर इतरांचं काम येतं. त्याला मुदत असते, ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुदत संपलेल्या लायसन्सवर केलेली सही अपघाताच्या दिवशी फार महागात जाते.

आयटीआय न करता शिकलेल्यांसाठी

आमच्या धंद्यातले निम्मे चांगले हात असेच तयार झालेले आहेत. मामाबरोबर साइटवर गेला, आधी झऱ्या म्हणजे भिंतीत वायरसाठी खाचा मारल्या, मग पाइप टाकले, मग वायर ओढल्या, आणि सहा वर्षांनी डीबी, म्हणजे सर्किटांना वीज वाटून देणारी पेटी, बांधायला लागला. अशा माणसासाठी पूर्वशिक्षणाची मान्यता म्हणजे आरपीएल आहे. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत हा प्रकार आला. येत असलेल्या कामाची परीक्षा घेतात आणि प्रमाणपत्र देतात. घ्या जरूर. पण ते सर्टिफिकेट आहे, परमिट नाही. ते दाखवून टेस्ट रिपोर्टवर सही करता येत नाही.

दुसरा गोंधळ पीएम विश्वकर्मा योजनेचा. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाल्यापासून कितीतरी वायरमन आणि प्लंबर सेवा केंद्रावर रांगेत उभे राहिलेले पाहिले. त्या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, गवंडी, शिंपी, न्हावी, धोबी असे. वायरमन त्यात नाही. गवंडी भावाला मात्र नक्की पाठवा. त्याला ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजानं कर्ज असं मिळू शकतं.

आणि ‘परीक्षेशिवाय परमिट, हमखास’ असं सांगणाऱ्याला हात जोडा आणि पुढे चला.

चौथी पायरी: सही करण्याआधीची तपासणी

कागद झाले. आता ज्यासाठी ते कागद आहेत त्याबद्दल.

टेस्ट रिपोर्टमध्ये इन्सुलेशन रेझिस्टन्सचा, म्हणजे वायरचा कोट वीज किती अडवतो त्याचा, रकाना असतो. बहुतेक रिपोर्टांत तिथं एक गोल आकडा लिहिलेला सापडतो, आणि तो मीटरवर कधी दिसलेलाच नसतो. खरी पद्धत अशी. मेन बंद. न्यूट्रल लिंक सोडवा. सगळे दिवे, पंख्यांचे रेग्युलेटर, चार्जर, टीव्ही काढा, नाहीतर ५०० व्होल्ट डीसी त्यांच्यातून जाईल आणि तुम्ही ग्राहकाचा टीव्ही भरून द्याल. स्विच सगळे चालू ठेवा. मग मेगर, म्हणजे हे मोजायचं मीटर, एक मिनिट धरा: फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल. किमान एक मेगओहम हवा. नव्या वायरिंगला तो कितीतरी जास्त यायला हवा. जेमतेम दोन-तीन आला तर नियमात बसतो, पण कुठंतरी ओल आहे किंवा वायरचा कोट सोललाय असं समजा आणि सर्किट एकेक करून शोधा. प्लास्टर ओलं असताना घेतलेलं रीडिंग धरू नका. पावसाळ्यात गंगापूर रोडच्या नव्या बिल्डिंगींत मी दोन-दोनदा रीडिंग घेतलं आहे.

मघाशी सांगितलेल्या इंदिरानगरच्या घरी मी पुष्कळ वर्षांनी एकदा एसीचा पॉइंट काढायला गेलो. आता बॅगेत मेगर होता. बाथरूमच्या सर्किटचं न्यूट्रल-अर्थ रीडिंग अर्ध्या मेगओहमच्याही खाली आलं. झरीत वळणावर वायर दाबली गेली होती, आणि ती दाबणारा मीच होतो. विकत आणलेल्या त्या रिपोर्टवर काय आकडा होता ते मला आठवत नाही. त्या घरात तेव्हा दोन लहान मुलं होती. ते सर्किट मी नव्यानं ओढून दिलं आणि मजुरी घेतली नाही. मालकांना कारण सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, चहा मात्र दिला.

पुढे अर्थिंग. नाशिकची जमीन फसवी आहे. नदीकाठी काळी माती, आणि वर पाथर्डी-अंबडकडे जाल तसा मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाइप सहा फूट गेला की खालून ठण्ण वाजतं, मग पोरं उरलेला पाइप कापून टाकतात. कापू नका, दुसरा खड्डा घ्या आणि दोन्ही जोडा. घरगुती कामात पाच ओहमच्या खाली आल्याशिवाय मी पुढं जात नाही. ऑगस्टमध्ये घेतलेलं रीडिंग मे महिन्यात टिकत नाही, तेव्हा जमलं तर उन्हाळ्यात एकदा फिरून बघा.

आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, एक दुखणं सांगतो. ३० मिलीअँपिअरची बसवली आणि लगेच पडायला लागली, की नवशिका म्हणतो, ‘माल खराब आहे,’ आणि बायपास मारतो. दहापैकी नऊ वेळा माल चांगला असतो. दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठल्यातरी बोर्डात एकत्र केलेले असतात, किंवा जिन्याच्या टू-वेला, म्हणजे वर-खाली दोन्हीकडून चालणाऱ्या स्विचला, फेज एकीकडून आणि न्यूट्रल दुसरीकडून घेतलेला असतो. शोधायला अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस द्या. बायपास केलेल्या आरसीसीबीचं बटण दाबून ग्राहकाला ‘बघा, सेफ्टी बसवलीय’ असं सांगणारे मी पाहिले आहेत.

पंचवटीत, जुन्या नाशकात वाड्यांची कामं मिळतील. तिथं लाकडी पट्टीवरचं किंवा केसिंग-कॅपिंगचं दोन वायरीचं फिटिंग असतं, अर्थच नसतो. तीन पिनचा सॉकेट लावून अर्थची पिन रिकामी सोडणं हा तिथला सर्रास प्रकार आहे. अर्थ ओढायचा नसेल तर तीन पिनचा सॉकेट बसवू नका. सराफ बाजार, भांडी बाजाराच्या बाजूला काम घ्याल तर दुकानदाराला विचारा की मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढलं यावर पुराचा अंदाज घेणारं हे गाव आहे, उत्तर लगेच मिळेल. मीटर आणि डीबी त्या खुणेच्या वर.

सही विकू नका, विकतही घेऊ नका

लायसन्स मिळालं की लोक घरी येतात. ‘दादा, काम आपल्याच पोरानं केलंय, चांगलं केलंय, फक्त सही द्या.’ पोरगा खरंच ओळखीचा असतो. नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

नाही म्हणा, किंवा ‘चल, जाऊन बघू’ म्हणा. जाऊन बघितलं, मेगर लावला, चुका काढून घेतल्या आणि मग सही केली, तर तुम्ही नियमाच्या बऱ्याच जवळ आलात. न बघता केलीत तर त्या घरात काही झाल्यावर पहिला शोध तुमच्या शिक्क्याचा होतो. जीवघेण्या अपघाताची खबर २४ तासांत विद्युत निरीक्षकांकडे जाते, ते जागा तपासतात आणि कागद मागवतात. निष्काळजीपणानं मृत्यू झाल्याचं सिद्ध झालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथं ‘फक्त सही केली होती’ हा बचाव होत नाही, उलट तो कबुलीजबाब ठरतो.

२०२७ च्या सिंहस्थामुळे येत्या काळात तात्पुरत्या जोडण्यांची कामं ढिगानं निघतील: मंडप, निवारे, अन्नछत्रं. घाई, पाऊस, गर्दी आणि उघड्यावरची केबल. सही विकणाऱ्यांचा बाजार अशा वेळी तेजीत असतो. तात्पुरत्या कामाला तपासणी कमी लागते असा एक समज आहे. उघड्यावर आणि ओल्या जमिनीवर असल्यामुळे ती जास्तच लागते.

पाचवी पायरी: आपला नियम आपण घालायचा

वकिलांची बार कौन्सिल आहे. सनद देते ती, आणि वकील चुकला तर जाब विचारते तीही. आपल्या धंद्यात परमिट सरकार देतं, आणि कामाची लाज राखायची जबाबदारी मात्र कुणावरच टाकलेली नाही. राज्य पातळीवर ठेकेदारांची संघटना आहे, पण घरोघर फिरणाऱ्या वायरमनपर्यंत ती पोचत नाही.

बाहेर वेगवेगळे प्रयोग झाले. जर्मनीत वीजकामाचा स्वतःचा धंदा काढायला साधारणपणे ‘माइस्टर’ म्हणजे उस्तादाची परीक्षा लागते, आणि कारागिरांची मंडळंच ती परीक्षा घेतात. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात २००९ च्या कायद्यानं कारागिरांच्या वर्गणीवर चालणारी स्वतंत्र संस्था काढली. वर्गणीवरून आणि नियमांवरून वाद झाले, सरकारनं ती गुंडाळली, आणि २०२२ पासून तिच्या जागी सरकारी संस्था आली. म्हणजे कायद्यानं दिलेली सत्ताही आपल्याच माणसांना पटली नाही तर टिकत नाही.

नाशिकला हे शिकायला जर्मनीला जायची गरज नाही. अंबडहून दिसणाऱ्या पांडवलेण्यात दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा कोरीव लेख आहे. हा नहपान राजाचा जावई. त्यानं गोवर्धनातल्या, म्हणजे इथल्याच, विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ३,००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) कायम ठेव ठेवली: २,००० शेकडा एक टक्का महिना व्याजानं आणि १,००० पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंची वस्त्रं आणि किरकोळ खर्च भागवायचा. नंतरच्या आभीर राजाच्या काळातल्या लेखात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशाच ठेवी आहेत, आणि त्या घेणाऱ्यांत ‘ओदयंत्रिक’ आहेत, पाण्याची यंत्रं करणारे. आमच्या प्लंबर मित्राला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं ते दुकानाच्या पाटीवर लिहायचा हट्ट धरला होता. राजघराण्यातला माणूस पिढ्यान् पिढ्यांची ठेव विणकरांकडे ठेवतो, तेव्हा त्या विणकरांनी आपसात काय काय शिस्त पाळली असेल याचा विचार करा.

आम्ही सातजणांनी केलं ते एवढं मोठं नाही. आमची भिशी होतीच. भिशीला कुठला कायदा नसतो, तरी हप्ता बुडवणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी घेत नाही. त्याच सातजणांत कामाचे नियम घातले. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेलं काम घ्यायचं तर आधी त्याला फोन करायचा. बहुतेक वेळा पैशाचं भांडण असतं, कधीकधी काम धोकादायक अवस्थेत सोडलेलं असतं. प्रत्येकानं महिन्यातून एक काम दुसऱ्याला तपासायला द्यायचं, कोणतं ते तपासणारा निवडणार. ग्राहकाची तक्रार आली तर सातातले दोघं जाऊन बघणार, आणि चूक आपल्या माणसाची निघाली तर तो फुकट दुरुस्त करणार. ग्राहकासमोर एकमेकांच्या कामाला नावं ठेवायची नाहीत, आत बसून हवं तेवढं बोला.

पहिल्या वर्षी एक जण बाहेर पडला. त्याच्या डीबीत न्यूट्रलच्या लिंकचे स्क्रू ढिले निघाले आणि ते सांगितलेलं त्याला सोसलं नाही. जागा लगेच भरली नाही, वर्षभर सहाच होतो. तुम्ही सुरू कराल तर चार-पाच जणांनी करा. मेगर आणि अर्थ टेस्टर सामाईक घ्या, एकट्याला ते परवडत नाहीत हीच बहुतेकांची खरी अडचण असते.

आणि दर ठरवताना तपासणीचा खर्च वेगळा दाखवा. पॉइंटच्या भावात तो दडवलात तर ग्राहक भाव पाडतो आणि पहिली तपासणीच जाते. ‘पॉइंटचे एवढे, मेगर-अर्थ टेस्ट आणि लेखी रीडिंगचे एवढे’ असं कागदावर द्या. दहातले चार जण दुसरी ओळ खोडतील. तेव्हा त्यांना सांगा की खोडता येणार नाही.

प्लंबर, वेल्डर आणि इतर, थोडक्यात

प्लंबरचा परवाना महापालिका देते. तो देणं आणि नूतनीकरण करणं या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात, म्हणजे अर्जाची पोच घेतलीत तर ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळायला हवं. पोच न घेता टेबलावर अर्ज ठेवून येऊ नका.

वेल्डरनं आयटीआयचा एक वर्षाचा कोर्स केला तरी बॉयलर आणि वाफेच्या पाइपावर काम करायला बॉयलर खात्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि ते प्रमाणपत्र दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. हात रोज चालू नसला तर वेल्ड बिघडतो, म्हणून ही मुदत. कारखान्यातल्या दरांत आणि साध्या फॅब्रिकेशनच्या दरांत जो फरक पडतो तो याच कागदामुळे.

बिल्डिंगच्या साइटवर काम करणारे वायरमन, प्लंबर, गवंडी, सेंट्रिंगवाले हे सगळे कायद्यानुसार बांधकाम कामगार आहेत. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केलेलं असेल तर कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून घ्यायचा. तुम्ही स्वतः ठेकेदार झालात की हेल्परला हा दाखला द्यायची पाळी तुमची. आमच्यात कितीतरी जण आपलं लायसन्स मिळाल्यावर हे विसरतात. नोंदणीची तारीख हेल्परच्या हजेरीच्या वहीत लाल शाईनं लिहून ठेवा, नूतनीकरण चुकलं तर त्याच्या पोराची शिष्यवृत्ती अडते.